हिमयुगातली समुद्रपातळी: प्रकल्प कुठे चुकतो आणि कोणत्या क्रमाने करायचा

दर वर्षी सांगली-साताऱ्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत एक मॉडेल हमखास दिसतं. थर्माकोलचा डोंगर, त्यावर बर्फाचे खडे, खाली निळ टाकलेलं पाणी आणि काठावर कागदाची घरं. बर्फ वितळतो, पाणी चढतं, घरं भिजतात. परीक्षक दोनच प्रश्न विचारतात. "हा बर्फ कशावर टेकला होता?" आणि "पाणी चढलं ते कशापासून मोजलं?" मुलं गप्प होतात. मेहनत कमी पडलेली नसते. क्रम चुकलेला असतो.

मी सांगलीत आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर हा प्रकल्प बरीच वर्षं करतो आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या, म्हणून सगळी पद्धत इथे लिहून काढली आहे. विषय असा: पृथ्वीवरच्या प्रचंड हिमचादरी, म्हणजे खंडांवर पसरलेले बर्फाचे अवाढव्य थर, वाढल्या आणि आटल्या, त्याबरोबर समुद्र किती उतरला आणि किती चढला. मधला एखादा टप्पा गाळला तर पुढचा आकडा चुकतो, तेव्हा क्रम मोडू नका.

## टप्पा १: आधी पुराची खूण मोजून या

मॉडेलला हात लावण्याआधी मुलांना घेऊन नदीकाठच्या एखाद्या गल्लीत जा. सांगलीत पुराच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. आमच्या जवळच्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर दोन पुसट तपकिरी रेघा आहेत, खालची २००५ ची आणि वरची २०१९ ची. खालच्या रेघेखाली चुना फुगून पोपडे निघालेत, वर भिंत बरी आहे.

मेजपट्टी लावा आणि प्रत्येक रेघेची उंची दोनदा मोजा. एकदा रस्त्यापासून, एकदा घराच्या जोत्यापासून. दोन वेगळे आकडे येतील. आता वाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. त्या वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "तेव्हा पाणी माझ्या गळ्याशी होतं." मुलांनी रस्त्यावरून मोजलं तर रेघ छातीपर्यंतच आली. आजींची आठवण बरोबर होती. मधल्या काळात रस्त्यावर दोनदा थर पडला होता. पाण्याची रेघ जागच्या जागी राहिली, पायाखालची जमीन वर आली.

समुद्रपातळीचा सगळा घोळ या एका भिंतीवर समजतो. पातळी म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यातलं अंतर. दोन्हींपैकी काहीही हललं तरी आकडा बदलतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ असतं. ते फूट एका ठरलेल्या शून्यापासून मोजलेले असतात, म्हणूनच २०१९ चे ५७ फूट आणि २००५ चा पूर यांची तुलना करता येते. शून्य हललं असतं तर तुलनाच करता आली नसती.

साताऱ्याकडच्या मुलांना पुराची रेघ सापडली नाही तर पायऱ्यांची विहीर चालेल. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीसारखी जवळ असेल तर उत्तमच. पाणी काठापासून किती खाली आणि कोणत्या पायरीवर, हे दोन्ही लिहा.

तपासा: मूल पुढचं वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं का? "पाणी न वाढताही पातळी बदलू शकते." नसेल तर पुढे जाऊ नका.

सावध: प्रकल्पात कृष्णेचा पूर आणि समुद्रपातळी यांचा थेट संबंध जोडू नका. आपला पूर घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि नदीत येणाऱ्या विसर्गाचा असतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. भिंतीवरची रेघ इथे फक्त मोजणी शिकण्यासाठी आहे.

## टप्पा २: सामान आदल्या रात्री

- सरळ उभ्या भिंतींचे तीन सारखे पारदर्शक डबे. तळ आतून २० × १५ सेंमी, उंची १२ सेंमीच्या पुढे. तिरक्या भिंतींचे डबे घेतले तर पुढचं सगळं गणित बिघडतं.
- बर्फाच्या साच्यासाठी उभट चौकोनी डबे, आतून ६ × ६ सेंमी. प्रत्येकात ३३० मिली पाणी मोजून ओता आणि वर दोनेक सेंमी जागा मोकळी ठेवा. पाणी गोठताना फुगतं. सव्वानऊ सेंमी पाण्याचा दहा सेंमी बर्फ होतो.
- झाकणाचा चौकोनी स्टीलचा डबा, तळ १० × १० सेंमी, उंची ७ सेंमी. आत वाळू ठासून भरा, म्हणजे तो तरंगणार नाही. हा आपला खंड.
- स्टीलची पट्टी, बारीक टोकाचा मार्कर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, निळ, झाकायला प्लास्टिक.
- पाणसळ. नसेल तर टेबलावर पाण्याने भरलेली ताटली ठेवून उतार बघा.

खंड म्हणून वीट वापरायचा मोह होतो. आमच्या गटाने एका वर्षी अर्धी कोरडी वीट वापरली. बर्फ वितळत गेला आणि पाणी चढायच्या ऐवजी उतरलं. मुलं रडकुंडीला आली. विटेने पाणी पिऊन टाकलं होतं. अर्धी वीट पाव लिटरच्या आसपास पाणी सहज शोषते, आणि आपला अख्खा बर्फ म्हणजे फक्त ३३० मिली. वीटच वापरायची असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढा. वाळूने भरलेला स्टीलचा डबा त्याहून भरवशाचा.

## टप्पा ३: तीन डबे, तीन बर्फ

बहुतेक मॉडेलांत एकच डबा असतो. निसर्गात मात्र बर्फ तीन प्रकारे असतो. जमिनीवर टेकलेला, पाण्यावर तरंगता, आणि समुद्राच्या तळावर टेकून पाण्याच्या वर डोकं काढणारा. तिन्ही दाखवल्याशिवाय हिमचादरींचं गणित कळत नाही.

डबा एक, जमिनीवरचा बर्फ. वाळूचा डबा आत ठेवा. पाणी ५ सेंमी खोल होईल इतकं ओता. बर्फाचा ठोकळा खंडाच्या माथ्यावर ठेवा, पाण्याला लागू देऊ नका. आता खूण करा.

डबा दोन, तरंगता बर्फ. पाणी ७ सेंमीच्या आसपास भरा, ठोकळा आडवा सोडा. तो तळाला टेकत नाही ना, हे बाजूने वाकून बघा. मग खूण करा.

डबा तीन, तळाला टेकलेला बर्फ. ठोकळा आधी उभा ठेवा. मग भोवती पाणी ओतत ५ सेंमीपर्यंत आणा. ठोकळा तरंगणार नाही, कारण १० सेंमी उंच बर्फ उचलायला सव्वानऊ सेंमीच्या आसपास खोल पाणी लागतं. खूण करा.

सर्वांत मोठी चूक इथेच होते: खूण नेहमी बर्फ ठेवल्यानंतर करायची. डबा दोनमध्ये बर्फ सोडण्याआधी खूण केली तर बर्फ पडताच पाणी चढतं, आणि शेवटी मूल ठासून सांगतं की तरंगत्या बर्फानेही समुद्र वाढतो. तो चढ बर्फ आत टाकल्याचा आहे, वितळल्याचा नाही. चांगल्या तयारीच्या मुलांनाही मी ही चूक करताना पाहिलं आहे.

डबे झाकून ठेवा आणि वाट बघा. पाण्यातला बर्फ तासा-दोन तासांत संपतो. खंडावरचा डिसेंबरच्या गारठ्यात चार-पाच तासही घेतो. पंखा लावू नका, उन्हात सरकवू नका. तिन्ही डब्यांतला बर्फ पूर्ण संपल्याशिवाय तुलना करायची नाही.

मोजताना डोळा पाण्याच्या रेषेत आणा. काचेला चिकटून वर चढलेली कड मोजू नका, मधली सपाट पातळी घ्या.

यायला हवं ते असं. डबा एकमध्ये साधारण १६ मिमी चढ, डबा दोनमध्ये काही नाही, डबा तीनमध्ये ५ मिमी. हिशेब सोपा आहे. वितळलेलं पाणी ३३० मिली. डबा एकमध्ये खंडाने १०० चौ. सेंमी अडवले, म्हणून पाण्याला पसरायला ३०० ऐवजी २०० चौ. सेंमीच मिळाले. ३३० भागिले २०० म्हणजे १.६५ सेंमी. तिथे ३०० ने भागणं ही दुसरी नेहमीची चूक. डबा तीनमध्ये बर्फाचे १८० घन सेंमी आधीच पाण्याखाली जागा अडवून होते, म्हणून ३३० मधून १८० वजा करून उरलेले १५० मिली ३०० ने भागायचे.

कुणी विचारेल, समुद्राचं पाणी खारट असतं, मग तरंगत्या बर्फाने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण नावापुरता. बर्फ गोड्या पाण्याचा आणि समुद्र त्याहून जड, म्हणून वितळल्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास आकारमान जास्त भरतं. आपल्या डब्यात तो फरक पाव मिलिमीटरचा. पट्टीवर तो दिसत नाही, नोंदवहीत मात्र लिहा.

तपासा: डबा दोनमध्ये एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर प्रयोग पुन्हा करा. टेबल उतरतं असेल किंवा बर्फ तळाला टेकला असेल.

## टप्पा ४: डब्यातून पृथ्वीवर

आता तेच गणित मोठ्या आकड्यांनी करायचं. लागणारे आकडे मोजकेच आहेत. महासागरांचं क्षेत्रफळ सुमारे ३६.१ कोटी चौ. किमी. बर्फाच्या घनफळाचं पाणी करायला ०.९१७ ने गुणायचं.

ग्रीनलंडवर सुमारे २९ लाख घन किमी बर्फ आहे. त्याला ०.९१७ ने गुणलं की साधारण २६.६ लाख घन किमी पाणी. ३६.१ कोटींनी भागलं की ०.००७४ किमी, म्हणजे ७.४ मीटर. शास्त्रज्ञांचा आकडाही हाच आहे. इथपर्यंत मुलं खूश असतात.

मग अंटार्क्टिका. २.७ कोटी घन किमी बर्फ, तेच सूत्र, उत्तर ६८.६ मीटर. पण मान्य आकडा ५८ मीटरच्या आसपास आहे. दहा मीटर गेले कुठे? इथे बरीच मुलं घाबरून उत्तर खोडतात आणि पुस्तकातला आकडा लिहितात. तसं करू देऊ नका. त्यांना डबा तीनकडे पाठवा. अंटार्क्टिकाचा, विशेषतः पश्चिम अंटार्क्टिकाचा, बराच बर्फ समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या तळावर टेकलेला आहे. काठाला तरंगते हिममंचही आहेत. पाण्याखालची जागा त्याने आधीच अडवली आहे. ग्रीनलंडचा बहुतांश बर्फ डबा एकसारखा, म्हणून तिथे साधं सूत्र चाललं. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पात हा दहा मीटरचा फरक सर्वांत मोलाचा आहे. तक्त्यावर तो मोठ्या अक्षरांत लिहा.

आता उलट बाजूने. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता. १२० मीटर धरा. ०.१२ किमी गुणिले ३६.१ कोटी म्हणजे सुमारे ४.३ कोटी घन किमी पाणी. ०.९१७ ने भागलं की ४.७ कोटी घन किमी बर्फ. आजच्या बर्फाखेरीज एवढा बर्फ तेव्हा जमिनीवर साठला होता. सर्वांत मोठा साठा उत्तर अमेरिकेवरच्या लॉरेंटाइड हिमचादरीत, दुसरा मोठा स्कँडिनेव्हिया आणि आसपास. काही ठिकाणी जाडी तीन किलोमीटरच्या घरात, म्हणजे महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जेवढं उंच आहे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त.

सावध, तीन ठिकाणी:

हिमालयाचं चित्र काढून त्यावरून १२० मीटरचा समुद्र खाली आणू नका. आज जगातल्या सगळ्या डोंगरी हिमनद्या वितळल्या तरी समुद्र तीस-चाळीस सेंटीमीटरच चढेल. हिमालयाच्या हिमनद्या आपल्या नद्यांसाठी महत्त्वाच्या आहेत, पण समुद्राचा मोठा हिशेब हिमचादरींचा आहे.

उत्तर ध्रुवावरचा समुद्रबर्फ डबा दोनमध्ये जातो. तो बेरजेत धरू नका.

गरम झालेलं पाणी फुगतं आणि आजच्या वाढीत त्याचा मोठा वाटा आहे. पण १२० मीटरच्या चढउतारात तो वाटा किरकोळ. आजचं कारण जसंच्या तसं हिमयुगाला चिकटवू नका.

## टप्पा ५: काळाचा तक्ता

आलेख कागद घ्या. आडवं १ सेंमी म्हणजे १,००० वर्षं, उभं १ सेंमी म्हणजे १० मीटर. आजची पातळी शून्य. तिच्या खाली १४ सेंमी जागा सोडा.

ही स्थानं टाका:

- २१,००० वर्षांपूर्वी: उणे १२० ते १३० मीटर
- १४,६५० वर्षांपूर्वी: उणे १०५ च्या आसपास
- १४,३०० वर्षांपूर्वी: उणे ९० च्या आसपास
- ११,७०० वर्षांपूर्वी: उणे ६० च्या आसपास
- ८,००० वर्षांपूर्वी: उणे १५ च्या आसपास
- ६,००० वर्षांपूर्वी: आजच्या पातळीच्या काही मीटरांत

ठिपके टाकू नका, छोट्या उभ्या रेघा काढा. कारण प्रत्येक आकड्याला मागेपुढे काही मीटरांची मोकळीक आहे. ठिपका म्हणजे तुम्ही नेमका आकडा ठाऊक असल्याचा दावा करता.

मग रेघा जोडा, पण पट्टीने सरळ नको. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानामधला चढ बघा. साडेतीनशे वर्षांच्या आत समुद्र १४ ते १८ मीटर चढला, वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षा जास्त. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाजवळच्या प्रवाळांत हा झपाट्याचा चढ नोंदला गेला आहे. हिमचादरी एकसारख्या गतीने आटत नाहीत, मध्येच कोसळतात, हे या एका जिन्यावरून दिसतं. सरळ रेघ मारली की तो जिना पुसला जातो.

दोन सापळे. पहिला, जुन्या पुस्तकांत हिमयुगाचा भर १८,००० वर्षांपूर्वी लिहिलेला सापडतो आणि नव्या पुस्तकांत २१,०००. दोन्ही एकाच काळाबद्दल बोलतात. जुना आकडा कार्बन-१४ (जुन्या अवशेषांचं वय काढायची पद्धत) च्या न सुधारलेल्या वर्षांत आहे, नवा कॅलेंडर वर्षांत. एकाच तक्त्यावर दोन्ही मिसळले की वक्र वेडावाकडा होतो. दुसरा, या शास्त्रात "वर्षांपूर्वी" हे बहुधा १९५० पासून मागे मोजतात. हजारांच्या हिशेबात फरक पडत नाही, पण परीक्षक विचारू शकतात.

याहून जुना काळ याच कागदावर कोंबू नका. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, मागच्या उबदार काळात, समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर वर होता. त्यासाठी सव्वा मीटर कागद लागेल. तीसेक लाख वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) आसपास होता आणि समुद्र ५ ते २५ मीटर वर. तो बिंदू याच प्रमाणात तीस मीटर लांब जाईल. वर्गाच्या बाहेर, पटांगणापर्यंत. मुलांना दोरी घेऊन तेवढं चालायला लावा, आकडा अंगात भिनतो.

एक गोष्ट या तक्त्यावर आवर्जून दाखवा. १९९३ पासून उपग्रहांनी मोजलेली वाढ सुमारे १० सेंमी आहे. आपल्या प्रमाणात ती एका मिलिमीटरचा दहावा भाग, पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही बारीक. त्यावरून "म्हणजे काहीच नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला तक्त्याचं उजवं टोक दाखवा. गेल्या सहा हजार वर्षांत रेघ जवळजवळ सपाट आहे. आपली बंदरं, खाड्यांकाठची गावं, भातखाचरं, सगळं या सपाट भागात वसलं आहे.

## टप्पा ६: हे कुणी मोजलं?

या प्रश्नाला "शास्त्रज्ञांनी" हे उत्तर पुरत नाही. एक पुरावा पूर्ण समजून घ्या.

काही प्रवाळ उथळ पाण्यातच वाढतात. कॅरिबियन समुद्रातला एक फांद्यांचा प्रवाळ मुख्यतः वरच्या पाचेक मीटरांत जगतो. तो आज खोल पाण्याखाली मेलेला सापडला तर तो जगत होता तेव्हा समुद्र तिथे होता. आपल्या वाड्याच्या भिंतीवरच्या रेघेसारखंच. बार्बाडोस बेटाजवळ १९८० च्या दशकात समुद्रतळाला भोकं पाडून असे प्रवाळ काढले गेले.

पण बार्बाडोसची जमीन हळूहळू वर येते आहे, वर्षाला एक मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या भागाइतकी. समजा १९,००० वर्षांपूर्वीचा प्रवाळ आज ११० मीटर खोलीवर मिळाला. वर्षाला ०.३ मिमी धरलं तर मधल्या काळात जमिनीने त्याला ५.७ मीटर वर आणलं. म्हणजे मूळ जागा ११५.७ मीटर खाली. प्रवाळ पृष्ठभागापासून पाच मीटरपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणून समुद्र होता उणे ११५.७ ते उणे ११०.७ च्या दरम्यान.

इथे दहापैकी सात मुलं दुरुस्ती उलट्या बाजूला करतात आणि ११० मधून ५.७ वजा करतात. त्यांना गल्लीतला रस्ता आठवायला सांगा. जमीन वर आली की जुनी खूण आज आहे त्याहून खाली होती. ताहितीला नेमकं उलटं, ते बेट हळूहळू खचतं आहे.

ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड प्रकारांचा) पुरावा नववी-दहावीला झेपतो, पण थोडक्यात ठेवा. वाफ होताना हलका ऑक्सिजन-१६ जास्त जातो, तो बर्फात अडकून पडतो, समुद्रात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढतं, आणि फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांत ते नोंदलं जातं. एक गोष्ट विसरू नका. थंड पाण्यातही कवचात ऑक्सिजन-१८ जास्त जातो. म्हणून तो वक्र निव्वळ बर्फाचा नसतो, बर्फ आणि थंडी दोन्हींचा मिळून असतो.

## टप्पा ७: काकवीची परात

हिमचादरीने फक्त पाणी घेतलं नाही, जमीनही दाबली. हे दाखवायला आपल्या भागात उत्तम साधन आहे. गुऱ्हाळावरून दाट काकवी आणा. खोलगट भांड्यात ओता, त्यावर हलक्या लाकडाची सपाट फळी तरंगत ठेवा. भूकवच म्हणजे फळी, खालचं प्रावरण म्हणजे काकवी.

फळीवर वजन ठेवा, ती दबते. वजन झटकन उचला आणि बघा. पाण्यावर फळी लगेच उसळते, काकवीत ती दमाने वर येते. काकवी आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी सावकाश. शेजारी पाण्याचं भांडं ठेवून दोन्ही एकदम दाखवा.

प्रावरणाची घनता ३,३०० आणि बर्फाची ९१७ किलो प्रति घनमीटर धरली तर तीन किलोमीटर बर्फाखाली जमीन जवळपास आठशे मीटर दबते. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली तरी ती अजून वर येते आहे. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताकाठी जमीन वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर उचलली जाते. म्हणून जगाचा समुद्र चढत असताना तिथल्या किनाऱ्यावर समुद्र मागे सरकताना दिसतो. पहिल्या टप्प्यातली भिंत न पाहिलेल्या मुलाला हे खोटं वाटतं.

सावध: काकवी सांडली की मुंग्या येतात. भांड्याखाली पाण्याची परात ठेवा.

एक परिणाम डब्यात दाखवता येत नाही, तो नकाशावर दाखवा. मोठी हिमचादर आपल्या वस्तुमानाने आसपासचा समुद्र स्वतःकडे ओढून धरते. ती वितळली की ओढ कमी होते, आणि सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत पातळी चक्क उतरते. दूरच्या किनाऱ्यांवर मात्र सरासरीपेक्षा जास्त चढते. ग्रीनलंडभोवती एक वर्तुळ आणि दोन बाण एवढंच पुरे.

## टप्पा ८: कोकणापर्यंत आणा

परदेशातले आकडे सांगून थांबू नका. पश्चिम किनाऱ्याचा, समुद्राची खोली दाखवणारा नकाशा घ्या. १२० मीटर खोलीची रेघ पेन्सिलीने गिरवा. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन फार रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. मुंबई हायची तेलविहीर किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, सुमारे ७५ मीटर पाण्यात उभी आहे. हिमयुगाच्या भरात तो भाग समुद्राबाहेर होता. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचलेल्या माणसाला समुद्र गाठायला आजच्यापेक्षा बरंच पुढे चालावं लागलं असतं. श्रीलंका तेव्हा भारताला जोडलेली होती.

आजची खोली म्हणजे तेव्हाची उंची असं मात्र धरू नका. मधल्या काळात गाळ साचला आहे, काही ठिकाणी जमीन खचली आहे. मुंबईत १९ व्या शतकात प्रिन्सेस डॉकचं खोदकाम करताना समुद्राखाली गाडलेले झाडांचे बुंधे मिळाले. ते पाणी चढल्यामुळे बुडाले की जमीन खचल्यामुळे, हे नुसत्या बुंध्यांवरून ठरत नाही.

आणि सातारा-सांगली पाण्याखाली गेलेलं चित्र काढू नका. दर वर्षी कुणीतरी काढतंच. आजचा सगळा बर्फ वितळला तरी चढ ६५-६६ मीटरचा.

## टप्पा ९: मांडणीचा दिवस

बर्फ थर्माकोलच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. पेटीत मीठ टाकू नका. एकाच्या जागी दोन संच न्या, एक वाटेत फुटतोच.

जागेवर पोचल्यावर आधी टेबलाची पाणसळ, मग पाणी, मग बर्फ, मग खूण. प्रत्येक खुणेशेजारी वेळ लिहा. परीक्षक येईपर्यंत खंडावरचा बर्फ अर्धाच वितळलेला असेल, म्हणून आदल्या दिवशीच्या पूर्ण प्रयोगाचे फोटो आणि मोजमापं शेजारी लावून ठेवा. अर्ध्या बर्फावरून अंतिम आकडा सांगू नका.

तक्ते या क्रमाने लावा: भिंतीचा फोटो, तीन डबे, अंटार्क्टिकाचे दहा मीटर, काळाचा आलेख, काकवी, कोकणाचा नकाशा. नोंदवहीत चुकलेले प्रयोगही ठेवा, खोडू नका. आमच्या पाणी प्यालेल्या विटेचं पान परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ वाचलं होतं, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावरूनच विचारले.